वरातीमागून

मिरजेच्या कृष्णाघाटाअलीकडे, वीटभट्टीमागच्या पडीक रानात
माझं काम एवढंच होतं:
लांबच्या बाभळीखाली उभं राहायचं
आणि ताशा वाजवायचा नाही.

पहिले आठ दिवस तो नुसता गळ्यात.
दस्तगीरमामा म्हणाले, बघू दे तिला.
मग एकदा जवळ बोलावून तिच्या नाकापुढं धरला.
तिनं हुंगला, शिंकली,
आणि गवताकडं वळली.

अकलूजच्या बाजारातून आणलेली पांढरी घोडी.
नाव लवंगी,
आणि लवंगी माळेलाच एवढी भ्यायची
की आधीच्या मालकाकडं असताना
एका नवरदेवाला बाशिंगासकट गटारात टाकून आलेली.
डाव्या पुठ्ठ्यावर चाबकाचा वळ,
तिथं केस उगवले नव्हते अजून.
खरारा करताना मामा तेवढी जागा सोडायचे.
रोज सोडायचे.
एक दिवस तिथं तळहात ठेवला
आणि काढून घेतला,
तिनं सांगायच्या आधी.

नवव्या दिवशी एक काडी, एकदा.
तांदूळ निवडताना ताटात खडा पडावा
तेवढा आवाज.
तिचे दोन्ही कान फिरले.
"बास. आजचं झालं."
म्हटलं, एवढ्यासाठी मालगावातून सायकल मारत आलो?
"व्हय. एवढ्यासाठीच."

दिवसाला एक पाऊल पुढं.
कधी तेही नाही.
बँडवाले होवाळेअण्णा फोनवर ओरडायचे,
तुळशीचं लग्न झालं, तारखा लागल्या,
आता काय वरातीमागून घोडं आणताय?
मामा दातानं गूळ फोडत म्हणायचे,
"आणू की. घोडं आलं म्हंजे झालं."

एका सकाळी मी घरून तापूनच आलो.
मुक्ता सातच्या पाढ्यात
एकोणपन्नासला अडली होती
आणि माझा हात अडला नव्हता.
बाभळीपासून सत्तावीस पावलं आत आलो होतो तोवर.
दोन्ही काड्या घेतल्या
आणि हाणल्या, भर वरातीत हाणतात तशा.

लवंगीनं खुंटी उपटली.
दावं ओढत उसात शिरली.

मामा धावले नाहीत. शिवीसुद्धा नाही.
रानाच्या मधोमध मांडी घालून बसले,
उसाकडं पाठ करून,
आणि खिशातल्या शेंगा फोडायला लागले.
टरफलांचा आवाज.
जंक्शनवर कुठलंसं इंजिन शिट्टी देऊन गप्प झालं.
मी बोलायला गेलो तर त्यांनी नुसती मान हलवली.
भट्टीच्या धुरामागं ऊन पिवळं पडत गेलं,
माझे पाय भरून आले,
मामा एकेक शेंग फोडत होते,
जशी काही दुसरी कामंच नाहीत जगात.

पाचट वाजलं.
ती चार पावलं आली, थांबली,
मागं गेली. पुन्हा आली.
मामांच्या मानेवर तिनं श्वास सोडला, लांब.
त्यांनी वळून पाहिलं नाही.
खांद्यावरून मागं हात उघडला फक्त.
दोन दाणे.

जाताना म्हणाले, "उद्या बाभळीखाली."
पहिल्या जागी?
"पहिल्याच्या पल्याड."
मग दावं गुंडाळत, माझ्याकडं न बघता,
"ती भ्याली न्हाई रं. ती इचारत हुती.
तू उत्तर लई मोठ्यानं दिलंस."

मूठभर शेंगा माझ्याही खिशात टाकल्या.

दारात सायकल स्टँडवर लावली
आणि आतली कुजबुज थांबली.
रोजच थांबत असणार.
मला त्या दिवशी ऐकू आली.

ताशा बाहेरच खिळ्याला अडकवला.
उंबऱ्यावर बसलो, घराकडं पाठ करून.
एक शेंग फोडली.
गल्लीत दिवे लागले.
लांब कुणाच्या तरी दारात
माळ तडतडली, विझली.
दुसरी शेंग फोडली.

मागं फरशीवर काहीतरी हललं.
थांबलं.

मी वळलो नाही.